ड्राय नीडलिंग करून घ्यायचंय? सुईच्या आधी काय बघायचं आणि सुईनंतर काय करायचं

डिसेंबरात दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत थिनिंगचं काम जोरात असतं. त्या दिवसांत नाशिकच्या पंचवटीतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये येणाऱ्या बायकांचं दुखणं मी बरेचदा दारातच ओळखते. एक खांदा कानाकडे चढलेला असतो आणि मान वळवायची म्हटलं की अख्खं अंग वळतं. मांडवाखाली उभं राहून घडातले मणी विरळ करायचे म्हणजे दिवसभर हात डोक्याच्या वर आणि नजर वर लागलेली. आठ तासांनी हात खाली येतात, पण खांदा खाली येत नाही.

सुरगाण्याकडून टोळीबरोबर आलेल्या एक मावशी अशाच एका संध्याकाळी आल्या. त्यांची तक्रार मानेची नव्हतीच. "डॉक्टर, दुपार झाली का उजव्या बाजूचं डोकं उठतं," म्हणाल्या. दोन महिने पित्ताच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या, डोळे तपासून झाले होते. मी मान आणि खांदा यांच्यामधला मांसल भाग चिमटीत धरला आणि बोटांनी हळूहळू चाचपत गेले. कातड्याखाली सुतळी सरकावी तसा एक ताठ पट्टा लागला. त्यावर एका ठिकाणी दाब दिला तशी मावशींनी डोळे मिटले. "हेच! हीच कळ कानामागून डोक्यात जाते."

त्यांना ड्राय नीडलिंगचा फायदा झाला. पण त्यांच्यासारखेच दिसणारे कितीतरी जण सुईविनाही बरे होतात आणि काहींना सुई लावणं धोक्याचं असतं. हल्ली नाशिकमध्ये हा उपचार बऱ्याच ठिकाणी मिळतो. लोक येतात तेच "मला ते सुईचं करा" म्हणत. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

कोरडी सुई म्हणजे काय

इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिच्यातून औषध जातं. ड्राय नीडलिंगची सुई भरीव असते, तिच्यातून काहीच जात नाही, म्हणून ती कोरडी. जाडी साधारण ०.२५ ते ०.३० मिलिमीटर, म्हणजे मधुमेही लोक इन्सुलिन घेतात त्या बारीक सुईएवढी. लांबी स्नायूप्रमाणे बदलते. हाताला २५ मिलिमीटरची पुरते, ढुंगणाच्या जाड स्नायूंना ५० ते ७५ मिलिमीटरची लागते.

ही पद्धत निघाली ती इंजेक्शनमधूनच. अमेरिकेतल्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल, ज्या पुढे १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैद्य झाल्या, त्यांनी १९४० च्या दशकापासून स्नायूतल्या दुखऱ्या बिंदूंचा अभ्यास केला. कुठल्या स्नायूतला बिंदू शरीरात कुठे कळ पाठवतो याचे नकाशे त्यांनी मांडले. त्या बिंदूंना ट्रिगर पॉइंट हे नाव रूढ झालं. ट्रॅव्हेल त्या बिंदूत भूल देणारं औषध टोचायच्या. १९७९ मध्ये प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांनी दाखवून दिलं की नेमक्या जागी टोचली तर नुसत्या सुईनेही आराम पडतो, औषध असायलाच हवं असं नाही. आज फिजिओथेरपिस्ट करतात ते काम इथून पुढे वाढत गेलं.

ॲक्युपंक्चरशी लोक याची गल्लत करतात, कारण सुई तीच असते. फरक विचारात आहे. ॲक्युपंक्चर चिनी वैद्यकातल्या ऊर्जामार्गांवर चालतं. ड्राय नीडलिंगमध्ये स्नायू, त्याची सुरुवात, त्याचा शेवट, त्याला जाणारी नस आणि बोटाला लागलेली गाठ एवढ्यावरच जागा ठरते.

या गाठीत नेमकं काय बिघडतं? आज जास्त मान्य असलेली मांडणी अशी. स्नायूने आकुंचन पावावं हा निरोप नस त्याला ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून देते. सतत ताण पडलेल्या जागी हे रसायन गरजेपेक्षा जास्त सुटत राहतं. तिथले तंतू आखडून बसतात, आखडल्यामुळे बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं. सैल व्हायलाही स्नायूला ऊर्जा लागते, आणि तीच मिळत नाही. मग दुखणं वाढवणारी रसायनं तिथे साचत जातात. सुई त्या जागी पोचली की स्नायू एकदम फडफडतो, आणि त्यानंतर हा फास बराच सैल पडतो. मज्जारज्जू आणि मेंदू यांच्या पातळीवरही दुखण्याचा निरोप मंदावतो. ही गाठ म्हणजे ट्यूमर नव्हे, हे इथेच सांगते, कारण "गाठ" म्हटलं की माणसं घाबरतात.

पहिली पायरी: दुखणं स्नायूचंच आहे ना?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्नायूचं दुखणं हट्टी असलं तरी त्याची एक रीत असते. ते ठरावीक हालचालीने किंवा ठरावीक बैठकीने वाढतं, शेकाने थोडं कमी होतं, सकाळी आखडलेलं असतं आणि जरा हिंडल्यावर मोकळं होतं. बोटाने दाबल्यावर "हीच ती कळ" अशी ओळख पटते. ती ओळख पटली नाही तर मी सुई हातात घेत नाही.

फसवणारी गोष्ट म्हणजे कळ उठते एकीकडे आणि दुखतं दुसरीकडे. मावशींची गाठ खांद्यावर होती, डोकेदुखी कानशिलात. खांद्याच्या फऱ्यावरचा इन्फ्रास्पायनेटस स्नायू आखडला की खांदा पुढून दुखतो, आणि लोक पुढूनच बाम चोळत राहतात. पोटरीतला सोलियस टाचेत दुखवतो. पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्यांपैकी काहींची टाचदुखी खरं तर पोटरीतून आलेली असते. आणि कंबरेखालचा ग्लुटियस मिनिमस मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत कळ पाठवतो, ती थेट सायटिकासारखी वाटते. मुंबई-आग्रा महामार्गावर दिवसदिवस गाडी चालवणारे, मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून बसणारे, असे पुष्कळ जण "माझी नस दबली आहे" हे ठरवूनच येतात.

नस खरोखर दबली असेल तर मुंग्या, बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होणं यांपैकी काहीतरी बहुधा सोबत असतं. खोकल्यावर, शिंकल्यावर पायात वीज गेल्यासारखी कळ जाते. अशा वेळी नीट तपासणी झाल्याशिवाय कुणालाही सुई लावू देऊ नका.

काही लक्षणं दिसली तर फिजिओथेरपी क्लिनिकच्या पायऱ्याही चढू नका, थेट डॉक्टरकडे जा. दुखण्यासोबत ताप, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुशी बदलूनही न थांबणारं दुखणं, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येणं ही तर तातडीची गोष्ट आहे, त्यात सकाळची वाट बघायची नसते. डावा हात, जबडा किंवा खांदा दुखतो आहे, छाती भरून आली आहे आणि दरदरून घाम सुटला आहे, तर ते हृदयाचं असू शकतं. चाळिशी ओलांडलेल्या बागायतदारांना हे मी मुद्दाम बजावते, कारण फवारणी केली म्हणून हात भरला असेल असं म्हणून ते अंगावर काढतात.

दुसरी पायरी: कोणाकडे जायचं

फिजिओथेरपीची पदवी चार वर्षांहून जास्त काळाची, त्यात इंटर्नशिपही. राज्यातल्या अनेक फिजिओथेरपी महाविद्यालयांचं विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे: १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पदवीनंतर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी असते. ड्राय नीडलिंगचं प्रशिक्षण पदवीनंतर वेगळं घ्यावं लागतं. तेव्हा दोन गोष्टी सरळ विचारा: तुमचा नोंदणी क्रमांक काय, आणि नीडलिंग कुठे आणि किती दिवस शिकलात? चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही. मला कुणी असं विचारलं तर बरंच वाटतं, माणूस आपल्या शरीराची काळजी करतो आहे हे त्यातून कळतं.

खोलीत गेल्यावर पांढरा, अर्धपारदर्शक, टणक डबा दिसतो का बघा. वापरलेल्या सुया त्यातच टाकायच्या, असा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा दंडक आहे. तो डबा नसेल तर सुया कुठे जातात हा प्रश्न उरतोच. सुई तुमच्या डोळ्यांसमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. "तुमचीच सुई आहे, पुढच्या वेळी पुन्हा वापरू" असं कुणी म्हणालं तर टेबलावरून उतरा.

आणि एक. तपासणीला पाच मिनिटंही न देता जो थेट सुयांचं पाकीट फोडतो, त्याच्याकडे थांबू नका.

तिसरी पायरी: आधी काय सांगायचं

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सर्वांत आधी सांगा. वॉरफेरिन, ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल, इकोस्प्रिन यातलं काहीही चालू असेल तर पाकीटच घेऊन या. पुष्कळांना नाव आठवत नाही, "ती हृदयाची पिवळी गोळी" एवढंच आठवतं. सुई लावून घ्यायची म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कधीच नाही. सुई थांबू शकते, गोळी थांबवायची की नाही हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर सांगा, पहिल्या तीन महिन्यांत तर मी सुई लावतच नाही. साखर ताब्यात नसेल, रक्त लवकर थांबत नसेल, फिट येत असतील, निकेलची ॲलर्जी असेल म्हणजे खोटे दागिने घातले की खाज सुटत असेल, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज राहत असेल, त्या जागी फोड किंवा जंतुसंसर्ग असेल, सांगा. पेसमेकर असेल तर सुईला वीज जोडून करायचा प्रकार तुमच्यासाठी नाही.

सुईची भीती वाटते हेही सांगा. ती लाज वाटण्याची गोष्ट नाही. भीतीने आवळून धरलेल्या स्नायूत सुई घालून काही साधत नाही, आणि बोटाचा दाब, शेक, व्यायाम यांनीही ही गाठ सुटू शकते. वेळ थोडा जास्त लागतो एवढंच. घरी भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून गाठीवर हलका दाब द्यायचा, अर्धा-एक मिनिट, श्वास चालू ठेवून. कित्येकांचं काम इतक्यावर भागतं.

चौथी पायरी: त्या दिवशी

जेवून या. ही साधी गोष्ट मी चुकीतून शिकले आहे. प्रॅक्टिस सुरू करून फार दिवस झाले नव्हते. तिसऱ्या श्रावणी सोमवारी संध्याकाळी एक तरुण आला. रात्रभर ब्रह्मगिरीची फेरी करून आलेला, दोन्ही पोटऱ्यांत गोळे. पालथा झोपवून मी सुया लावल्या, स्नायू छान सुटला, आणि मी म्हटलं, "उठा." तो उठून बसला, पांढराफटक पडला आणि माझ्या खांद्यावर कोसळला. निर्जळी उपवास होता त्याचा, त्यात रात्रीची झोप नाही. मी विचारलंच नव्हतं. आडवं करून पाय वर धरले, दोन मिनिटांत शुद्ध आली, मग साखरपाणी दिलं. त्याला काही झालं नाही. पण माझ्या हातून तो डोकं आपटून पडला असता तर, हा विचार अजून येतो. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न "कुठे दुखतं?" हा नसतो, "जेवलात का?" हा असतो.

उपवास असेल तर केळं किंवा थोडी साबुदाण्याची खिचडी खाऊन या. निर्जळी असेल तर दुसऱ्या दिवशी या. कपडे सैल घाला. पहिल्यांदा येत असाल तर परत जाताना दुचाकी चालवायला कुणाला तरी सोबत आणा, कारण काहींना नीडलिंगनंतर गुंगी येते.

पाचवी पायरी: टेबलावर काय होतं

आधी तुमची संमती घेतली जाते. ती नुसती कागदावरची सही नसावी. काय करणार, कुठे करणार, काय होऊ शकतं हे तुम्हाला मराठीत समजेल असं सांगितलं गेलं पाहिजे, आणि मध्येच "थांबा" म्हणायचा हक्क तुम्हाला शेवटपर्यंत असतो.

मग आडवं झोपायचं. बसवून सुई लावू देऊ नका, चक्कर आली तर पडायला होतं. थेरपिस्ट हात धुऊन हातमोजे घालतो, जागा स्पिरिटने पुसतो, गाठ पुन्हा बोटाने शोधतो. सुई एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीत असते. नळी कातडीवर टेकवून वरून टिचकी मारली की टोक आत जातं. इथे मुंगी चावल्याइतकंही बहुतेकांना कळत नाही. नळी काढून सुई हळूहळू गाठीकडे जाते.

आणि मग ते फडफडणं. आपण न हलवता स्नायू आतल्या आत एकदा झटकन उडतो, क्षणभर खोल ठणका लागतो, कधीकधी ओळखीची कळ ओळखीच्या वाटेने जाते. मावशींनी याचं जे वर्णन केलं तसं मला कुठल्या वर्गात ऐकायला मिळालं नव्हतं. म्हणाल्या, "सुई गेली ते कळलं नाही, पण मंग आत मासोळीवानी फडफडलं आणि डोक्यातलं वजन उतरलं."

सुई किंचित वरखाली करून असे दोन-चार झटके मिळवले जातात, किंवा ती तशीच पाच-दहा मिनिटं ठेवली जाते. झटका आलाच पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. त्याच्या मागे लागून स्नायू भोसकत राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुखणंच जास्त राहतं. वीज चमकल्यासारखी, बोटांपर्यंत जाणारी झिणझिण लागली तर लगेच बोला, सुई नसेजवळ आहे, ती मागे घेतली जाईल. सुई काढल्यावर कापसाने थोडा वेळ दाबून धरतात. किती सुया लावल्या आणि किती काढल्या हे थेरपिस्टने मोजलंच पाहिजे. मी मोठ्याने मोजते, म्हणजे पेशंटही माझ्याबरोबर मोजतो.

मान आणि खांदा यांच्या मधल्या भागाबद्दल जरा जास्त लिहायला हवं. आपल्याकडे सर्वाधिक सुया इथेच लागतात आणि फुप्फुसाचं टोक इथे गळपट्टीच्या हाडाच्याही वर दोन-तीन सेंटीमीटर आलेलं असतं. म्हणून हा स्नायू चिमटीत धरून, फुप्फुसापासून वर उचलून, सुई बोटांच्या दिशेनेच घालायची असते. सपाट खांद्यावर वरून खाली सरळ सुई घालणारा माणूस चुकतो आहे. फऱ्याच्या आतल्या कडेला आणि बरगड्यांवरही हीच सावधगिरी लागते.

धोक्याचं प्रमाण काय, तेही सांगते. आयर्लंडमध्ये ३९ फिजिओथेरपिस्टनी ७,६२९ उपचारांची नोंद ठेवली होती, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण १९ टक्के उपचारांत किरकोळ त्रास झाला: काळंनिळं होणं, थेंबभर रक्त येणं, दुखणं. गंभीर काहीच नोंदलं गेलं नाही. नंतर २०२० मध्ये २०,००० हून अधिक उपचारांची मोठी नोंद आली, तिच्यात गंभीर घटना २० होत्या, म्हणजे हजारात एक. फुप्फुसाला भोक पडून हवा साचणं हा गंभीर धोक्यांतला सर्वांत भीतिदायक प्रकार. हजारात एक हे प्रमाण कमी आहे, पण ते शून्य धरून कुणी काम करू नये.

सहावी पायरी: पुढचे दोन दिवस

पहिल्यांदा व्यायामशाळेत गेल्यावर दुसऱ्या दिवशी अंग धरतं तसं दुखतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, कधी बहात्तर. हे अपेक्षित आहे. कोमट शेक घ्या, पाणी प्या, आणि भाग नुसता ठेवू नका, हलका हलवत राहा. त्या दिवशी जड पोती उचलू नका, गोळा आला असेल तर पोटरी रगडून घेऊ नका. निळसर डाग पडला तर चार-आठ दिवसांत जातो.

छातीजवळ, खांद्यावर किंवा पाठीवर सुई लावलेली असेल आणि त्यानंतर छातीत टोचायला लागलं, दम लागला, कोरडा खोकला सुरू झाला, तर थेरपिस्टच्या फोनची वाट न बघता रुग्णालयात जा. हे काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतं. तिथे गेल्या गेल्या "इथे सुई टोचून घेतली होती" हे सांगा, म्हणजे छातीचा एक्स-रे लगेच काढतील. जागा लाल होऊन गरम लागली, ताप आला, तरी दाखवायला या.

सातवी पायरी: खरं काम इथून सुरू होतं

आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित सूर असा आहे: काहीच न करण्यापेक्षा किंवा टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या खोट्या सुईपेक्षा ड्राय नीडलिंगने दुखणं जास्त कमी होतं, पण हा फायदा प्रामुख्याने पहिल्या काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा. सहा महिने, वर्षभर टिकणाऱ्या फायद्याचा पुरावा तोकडा आहे. माझा अनुभव याहून वेगळा नाही. सुई तुम्हाला काही दिवसांची उसंत मिळवून देते. त्या उसंतीत स्नायूला ताकद आली नाही आणि कामाची रीत बदलली नाही, तर गाठ परत त्याच जागी बसते.

मावशींना दिलेला क्रम असा होता. मान-खांद्याच्या बहुतेकांना तो चालतो, पण आपल्या थेरपिस्टला विचारून करा.

पहिल्याच दिवशी, सुईनंतर तासाभराने, मान सावकाश डावी-उजवी, वर-खाली, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत, दहा-दहा वेळा. दुसऱ्या दिवसापासून ताणाचा व्यायाम: उजवा खांदा दुखत असेल तर खुर्चीवर बसून उजव्या हाताने खुर्चीची कड खालून धरायची आणि डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा. तीस सेकंद, तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. ओढ जाणवली पाहिजे, कळ नव्हे. सोबत भिंतीला पाठ लावून हनुवटी आत घ्यायची, जणू मानेमागे भिंतीला टेकवायचं आहे, पाच सेकंद धरून दहा वेळा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ताकद. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरून दोन्ही हातांत घ्यायच्या, हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, तसेच सावकाश खाली आणायचे. दहा ते बारा वेळा, मध्ये दम घेऊन दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. पंधरा वेळा सहज जमायला लागलं की लिटरची बाटली. हा कार्यक्रम आठ-दहा आठवडे चालवायचा. मावशी म्हणाल्या, "दिवसभर हात वरच असतो, आणखी कशाला उचलू?" प्रश्न रास्त होता. बागेत हात वर धरून ठेवलेला असतो, तासन्‌तास, न हलवता, त्यात स्नायूला रक्त कमी मिळतं. व्यायामात तो उचलला जातो, सोडला जातो, त्यात स्नायू घडतो. हे त्यांना मी त्यांच्याच हाताने करून दाखवलं, तेव्हा पटलं.

कामाची रीत बदलायला मुकादमाशी बोलावं लागलं. मावशींची उंची बेताची, म्हणून त्यांना ओळीत उभं राहायला एक भक्कम पाट मिळाला. हात खांद्याच्या खूप वर जायचा तो जवळजवळ खांद्याच्या पातळीत आला. दर अर्ध्या तासाने हात खाली सोडून दहा वेळा खांदे मागे फिरवायचे, आणि हे पूर्ण टोळीने करायचं, म्हणजे एकटीला काम चुकवल्यासारखं वाटत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनवर उभे राहणारे, संगणकासमोर बसणारे, येवल्यात मागावर वाकून पैठणी विणणारे, प्रत्येकाचा पाट वेगळा असतो. कुणाला खुर्ची वर घ्यावी लागते, कुणाला स्क्रीन. तो शोधणं हे उपचाराचंच काम आहे.

सगळं करूनही गाठी परतपरत येत असतील तर झोप, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांकडे डॉक्टरांना बघायला सांगा.

किती वेळा, आणि थांबायचं कधी

साधारण आठवड्याला एक बैठक, तीन ते चार बैठका. पहिल्या दोन-तीन बैठकांत काहीच फरक नसेल, म्हणजे मान तेवढीच वळते आहे, रात्री झोप तेवढीच मोडते आहे, तर चौथी बैठक घेऊ नका. निदान पुन्हा तपासून घ्या. दहा-पंधरा बैठकांचं पॅकेज आधीच पैसे भरून घ्यायला मी कुणालाही सांगत नाही, कारण किती लागतील हे पहिल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं.

फरक मोजायला घरच्या खुणा पुरतात. मान वळवून मागे बसलेल्या पोराशी बोलता येतं का? दुपारी डोकं किती वाजता उठतं? गोळी आठवड्यात किती वेळा लागली? कॅलेंडरच्या चौकोनात रोज एक आकडा लिहा, शून्य ते दहा.

मावशी तिसऱ्या वेळी आल्या तेव्हा मी गाठ चाचपली. पट्टा होता, पण मऊ, आणि दाबलं तरी डोक्यात कळ गेली नाही. सुयांचं पाकीट तसंच ठेवलं. बाटल्यांचा व्यायाम बघितला, डाव्या हातापेक्षा उजवा अजून लवकर थकत होता, तो दोन आठवडे वाढवून दिला. दाराशी चप्पल घालताना त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. खांदा वळला नाही, फक्त मान वळली.